युद्धखेळांचे अर्थकारण : खेळाडू आपले, मालकी कोणाची?

चतुरंग हा जगातील आद्य युद्धखेळांपैकी एक होय. हत्ती, घोडदळ, रथ आणि पायदळ या सैन्याच्या चार अंगांवरून त्याला हे नाव पडले. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास भारतात प्रचलित असलेला हा खेळ इराणात ‘चतरंग’ आणि अरब जगतात ‘शतरंज’ झाला. तेथून तो युरोपात पोहोचला आणि आजच्या बुद्धिबळाचे रूप त्याला तेथेच प्राप्त झाले. ‘शह’ आणि ‘मात’ हे आपल्या बोलण्यात रुळलेले शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले आहेत. या दीर्घ प्रवासात भारताला कीर्ती मिळाली. धन मात्र मिळाले नाही आणि मिळण्याचे कारणही नव्हते. तो खेळ कोणाच्याच मालकीचा नव्हता.

आजचा युद्धखेळ तसा नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या लढाईतील सैनिकाच्या शिरस्त्राणाचा घाट, त्याच्या शस्त्राचे चित्र, रणभूमीचा नकाशा, पार्श्वसंगीत आणि खेळाचे नाव या प्रत्येक गोष्टीला कायदेशीर मालक असतो. त्या मालकीतून केवळ खेळ विकला जात नाही, तर चित्रपट, कादंबऱ्या, चित्रमालिका, खेळणी, कपडे आणि वह्यांची वेष्टनेही विकली जातात. एका काल्पनिक विश्वाभोवती उभ्या राहणाऱ्या अशा उत्पन्नाच्या साखळीला मनोरंजन-फ्रँचायझी म्हणतात. भारतात अशा खेळांचे खेळाडू कोट्यवधींच्या संख्येने आहेत आणि ते घडविणारे कुशल हातही आहेत. तरीही त्यांतील बहुतांश नावाजलेल्या विश्वांची मालकी परदेशात आहे. असे का घडले आणि ते बदलावयाचे असेल तर काय करावे लागेल, हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. तो रोजगाराचा, परकीय चलनाचा आणि पुढील पिढीच्या वेळेचाही आहे.

सैनिकी सरावापासून व्यापारापर्यंत

आधुनिक युद्धखेळाचे एक मूळ प्रशियात सापडते. १८२४ च्या सुमारास तेथील लष्कराने अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ‘क्रिग्जश्पील’ हा नकाशावरील खेळ स्वीकारला. नकाशावर सोंगट्या मांडून, फासे टाकून आणि पंचाच्या निर्णयाने लढाईचा सराव करणे हे त्याचे स्वरूप. १९१३ मध्ये इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातून सर्वसामान्य वाचकांपुढे ठेवले. छावणीतील खेळ अशा रीतीने घरात आला.

याच परंपरेतून १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निर्माण झाला. त्याचे वेगळेपण असे, की खेळाडू संपूर्ण सैन्याऐवजी एका पात्राची भूमिका घेऊ लागला. पात्र आले की कथा आली, कथा आली की पुस्तक आणि चित्रपटही आले. हे अर्थशास्त्रीय दृष्ट्या महत्त्वाचे वळण होते. खेळाचे नियम कोणालाही उचलता येतात. परंतु लोकांच्या मनात घर केलेले पात्र उचलता येत नाही.

इंग्लंडमधील ‘गेम्स वर्कशॉप’ ही कंपनी या तत्त्वाचे ठळक उदाहरण आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ आणि १९८७ मध्ये ‘वॉरहॅमर ४०,०००’ हे खेळ बाजारात आणले. नॉटिंगहॅम येथील कारखान्यात तयार होणारे छोटे प्लास्टिकचे सैनिक खेळाडू स्वतः जोडतात, रंगवितात आणि मेजावर त्यांची लढाई लावतात. या सैनिकांची किंमत त्यांतील प्लास्टिकमुळे ठरत नाही. त्यांच्याभोवती चार दशके विणल्या गेलेल्या कथाविश्वामुळे ठरते. जून २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात कंपनीची एकूण उलाढाल ६० कोटी पौंडांहून अधिक होती. त्यांपैकी सुमारे ५ कोटी पौंड केवळ परवान्यांतून आले, म्हणजे इतरांना आपले विश्व संगणकीय खेळ किंवा अन्य उत्पादनांसाठी वापरू देण्याच्या मोबदल्यातून. या दुसऱ्या उत्पन्नासाठी कारखाना चालवावा लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात समाविष्ट झाली.

भोवरा आणि बेब्लेड

खेळणी आणि कथा यांची सांगड घालण्याचे तंत्र १९८० च्या दशकात अमेरिकेत पक्के झाले. १९८४ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवरचे निर्बंध सैल केले. परिणामी ‘ही-मॅन’, ‘जी. आय. जो’ आणि ‘ट्रान्स्फॉर्मर्स’ यांसारख्या मालिकांना मोकळे रान मिळाले. मालिका ही करमणूक आणि त्याच वेळी खेळण्याची अर्ध्या तासाची जाहिरात, अशी ही व्यवस्था होती. १९९० मध्ये अमेरिकी संसदेला कायदा करून मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींच्या वेळेवर पुन्हा मर्यादा घालावी लागली. ‘ही-मॅन’ दूरदर्शनवरही दाखविला गेला आणि भारतातील एका पिढीला या प्रकाराची पहिली ओळख झाली.

भारतीयांना अधिक बोध देणारे उदाहरण मात्र जपानचे आहे. जपानमध्ये ‘बेगोमा’ नावाचा छोटा धातूचा भोवरा पिंपावर ताणलेल्या कापडावर फिरवून प्रतिस्पर्ध्याचा भोवरा बाहेर उडविण्याचा जुना खेळ आहे. १९९९ मध्ये ‘ताकारा’ या खेळणी कंपनीने त्याला ‘बेब्लेड’ या नावाने नवे रूप दिले. भोवऱ्याचे भाग सुटे करून बदलता येतील अशी रचना केली, प्रत्येक भोवऱ्याला नाव आणि शक्ती दिली, चित्रकथा आणि पाठोपाठ दूरचित्रवाणी मालिका आणली. मालिकेच्या वाटेने हा भोवरा भारतातल्या घराघरांत पोहोचला.

लाकडी भोवरा आणि जाळी भारतातही पिढ्यान्पिढ्या होती. एकमेकांच्या भोवऱ्यावर घाव घालण्याचा खेळ गावोगाव रंगत असे. म्हणजे खेळ दोन्हीकडे होता, कारागीर दोन्हीकडे होते. फरक पडला तो एवढाच, की एका देशात परंपरेचे रूपांतर नोंदणीकृत नाव, रेखाटन आणि पात्रे यांत झाले. दुसऱ्या देशात ती परंपराच राहिली. भोवरा विकणाऱ्यास लाकडाची आणि मजुरीची किंमत मिळते. बेब्लेड विकणाऱ्यास त्याखेरीज नावाचीही किंमत मिळते.

मोफत खेळातून मिळकत कशी होते?

संगणकीय खेळाच्या अर्थकारणाचे गमक त्याच्या खर्चाच्या रचनेत आहे. खेळ तयार करण्याचा आरंभीचा स्थिर खर्च प्रचंड असतो. कारण चित्रकार, संगणक अभियंते, लेखक, ध्वनितज्ज्ञ आणि चाचणी घेणारे यांना काही वर्षे वेतन द्यावे लागते. परंतु एकदा खेळ तयार झाला, की आणखी एका खेळाडूला तो देण्याचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य असतो. म्हणूनच अनेक युद्धखेळ मोफत दिले जातात. थोडेच खेळाडू पैसे खर्च करतात. त्यांच्या पैशातून उत्पन्न मिळते. उरलेले असंख्य खेळाडू पैसे देत नाहीत, पण त्यांच्यामुळे रणांगण भरलेले राहते. प्रतिस्पर्धी नसलेली लढाई कोणीही खेळणार नाही. त्यामुळे मोफत खेळणारा हा या व्यवसायाचा एकाच वेळी ग्राहकही असतो आणि कच्चा मालही.

पैसे प्रामुख्याने खर्च होतात ते पोशाख, शस्त्रांचे रंग आणि हंगामी सदस्यत्व यांवर. हा पैसा मालकाकडे जाण्यापूर्वी ॲप विकणाऱ्या दुकानाच्या, म्हणजे गुगल किंवा ॲपल यांच्या हातातून जातो. त्यांचे शुल्क दीर्घकाळ १५ ते ३० टक्के या दरम्यान राहिले. समजा, एखाद्या मुलाने १०० रुपयांचा पोशाख घेतला आणि शुल्काचा दर ३० टक्के आहे. तर कर वगळता ७० रुपये खेळाच्या प्रकाशकाकडे जातील. प्रकाशक आणि विश्वाचा मालक वेगवेगळे असतील तर त्यातूनही स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, वजा होईल. खेळाची चित्रे रेखाटणाऱ्या कंत्राटी संस्थेचे देयक त्यापूर्वीच चुकते झालेले असते. खेळ कितीही गाजला तरी त्यात वाढ होत नाही. ॲप दुकानांच्या या सत्तेची दखल भारतीय स्पर्धा आयोगाने घेतली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने देयक-पद्धतीच्या सक्तीबद्दल गुगलला ९३६ कोटी ४४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो सुमारे २१६ कोटी रुपयांवर आणला.

पब्जीची भारतातील वाटचाल

या सर्व बाबी एकत्र पाहावयास मिळतात त्या ‘पब्जी’ या खेळाच्या वाटचालीत. अनेक खेळाडू एका बेटावर उतरतात आणि अखेरचा जिवंत राहिलेला विजयी ठरतो, ही त्यातील कल्पना. तिचे मूळ १९९९ मधील ‘बॅटल रॉयल’ या जपानी कादंबरीवर आधारलेल्या २००० मधील चित्रपटात आहे. आयर्लंडमधील खेळरचनाकार ब्रेंडन ग्रीन यांनी तिला संगणकीय खेळाचे रूप दिले आणि दक्षिण कोरियातील कंपनीने २०१७ मध्ये ‘पब्जी’ बाजारात आणला. चीनच्या ‘टेन्सेन्ट’ कंपनीच्या सहभागाने २०१८ मध्ये त्याची भ्रमणध्वनीवरील आवृत्ती आली. स्वस्त इंटरनेट आणि स्वस्त स्मार्टफोन यांची साथ मिळाल्याने भारतात तिचा झपाट्याने प्रसार झाला.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९ अ अन्वये ११८ ॲपवर बंदी घातली. त्यांत ही आवृत्ती होती. त्यानंतर मूळ कोरियन मालकाने भारतातील प्रकाशनाचे अधिकार टेन्सेन्टकडून काढून घेतले आणि जुलै २०२१ मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने वेगळी आवृत्ती आणली. जुलै २०२२ मध्ये तीही रोखण्यात आली आणि मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या चाचणी-परवानगीवर परतली. त्या वेळी १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला ३ तास आणि इतरांना ६ तास अशी मर्यादा खेळात घालण्यात आली.

या घटनाक्रमात एक बाब ठळकपणे दिसते. प्रकाशक बदलला, नाव बदलले, नियम बदलले. परंतु विश्वाचा मालक तोच राहिला. बंदीमुळे भारतातील खेळाडूंच्या स्पर्धा थांबल्या, आयोजकांची कामे गेली, खेळाचे चित्रण दाखवून उपजीविका करणाऱ्या तरुणांचे उत्पन्न तुटले. मालकाला भारतीय बाजारपेठ काही काळ गमवावी लागली, परंतु त्याची संपदा अबाधित राहिली आणि परतीचा मार्ग त्याच्याच हाती राहिला. मालकी म्हणजे काय, हे याहून स्पष्ट करणारे उदाहरण क्वचितच मिळेल.

बंदीच्या पार्श्वभूमीवर स्वदेशी पर्याय पुढे आले. ‘फौजी’ हा खेळ २६ जानेवारी २०२१ रोजी आला. त्याच्याभोवती देशप्रेमाची मोठी लाट होती; परंतु आरंभीचा उत्साह फार काळ टिकला नाही. खेळाडू भावनेपोटी खेळ एकदा उघडतो. दुसऱ्या दिवशी परत येतो तो खेळाच्या गुणवत्तेमुळे. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस बॅटल रॉयल’ हा खेळ आणला. भारतीय कल्पनाविश्वावर बेतलेला भविष्यकाळ रंगविणारा हा प्रयत्न असून त्याची मालकी भारतीय आहे.

श्रम येथे, हक्क तेथे

परदेशी विश्वांसाठी भारतात काम होणे ही नवी गोष्ट नाही. एमआरएफ आणि अमेरिकेची हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ‘फनस्कूल’ने गोव्यातील कारखान्यात ‘जी. आय. जो’चे सैनिक तयार केले. कामगार, साचे, रंग आणि विक्री सर्व भारतात होती. पात्रांचा हक्क हॅस्ब्रोकडे होता.

संगणकीय खेळांतही हेच चित्र दिसते. १९९७ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ने परदेशी कंपन्यांच्या खेळांसाठी उच्च दर्जाचे चित्रकाम केले. २०१९ मध्ये ती ‘रॉकस्टार गेम्स’ने विकत घेतली. फ्रेंच कंपनी ‘युबीसॉफ्ट’चे पुणे आणि मुंबई येथे स्टुडिओ उभे राहिले. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या एका गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती या दोन स्टुडिओंकडे असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले, २०२२ मध्ये ते काम कॅनडातील माँट्रियल स्टुडिओकडे वळविण्यात आले. त्यामागील व्यावसायिक कारणे काहीही असोत, निर्णयाचा अधिकार मालकाचा होता.

अशा कामाचे मोल कमी लेखता येणार नाही. त्यातून हजारो तरुणांना वेतन, तंत्र आणि शिस्त मिळाली. ‘सेवा’ या सदराखाली परकीय चलनही आले. परंतु वेतन हे एकदाच मिळते आणि स्वामित्वधन वर्षानुवर्षे मिळते. भारताच्या व्यवहारतोलात बौद्धिक संपदेच्या वापरापोटी परदेशांना दिली जाणारी रक्कम ही मिळणाऱ्या रकमेच्या कित्येक पट आहे. ही तूट सर्व उद्योगांची मिळून आहे आणि तीत औषधे, यंत्रे, संगणकप्रणाली यांचा मोठा वाटा आहे; तरीही मनोरंजनाच्या क्षेत्रातील प्रवृत्ती त्याच दिशेची आहे.

कायद्याने काय मिळते?

याविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कल्पनेवर मालकी मिळत नाही. तिच्या विशिष्ट अभिव्यक्तीवर मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केले. म्हणूनच ‘शेवटचा जिवंत तो विजयी’ ही कल्पना अनेक कंपन्या वापरू शकतात. ‘पब्जी’च्या मालकाने ‘फोर्टनाइट’च्या विरोधात दक्षिण कोरियात दाखल केलेला दावा २०१८ मध्येच मागे घेतला गेला. त्याच न्यायाने महाभारतातील युद्ध किंवा शिवकालीन इतिहास यांवर कोणाचीही मक्तेदारी नाही. भारतीय निर्मात्याला ते जसे खुले आहेत तसेच परदेशी निर्मात्यालाही आहेत. परंपरा आपली आहे म्हणून तिच्यातून निघणारे उत्पन्न आपले, असे समीकरण कायदा मानत नाही. उत्पन्न त्याचे, जो त्या परंपरेला स्वतःचे नवे रूप, नवी पात्रे आणि नवे नाव देतो.

दुसरी बाब करारांची. प्रताधिकार अधिनियम १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात निर्माण केलेल्या कृतीचा पहिला मालक सामान्यतः नियोक्ता असतो. स्वतंत्रपणे काम करणारा लेखक मात्र सामान्यतः स्वतः पहिला मालक असतो. तो हक्क लेखी करारानेच दुसऱ्याकडे जाऊ शकतो. कलम १९ असेही सांगते, की करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र नमूद नसेल तर ते भारतापुरते समजावे. प्रत्यक्षात बहुतेक करारांत ‘कायमस्वरूपी आणि जगभर’ हे शब्द आधीच छापलेले असतात आणि पहिले काम मिळविण्याच्या घाईत तरुण कलावंत त्याखाली स्वाक्षरी करतो. चित्रपटसृष्टीतील गीतकार आणि संगीतकार यांना २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वधनाचे संरक्षण मिळाले. खेळांसाठी पात्रे रेखाटणाऱ्यांच्या वाट्याला तसे विशेष संरक्षण आलेले नाही.

स्वतःचे विश्व उभारण्याचे प्रयत्न

भारतात स्वतःच्या मालकीची विश्वे उभी राहूच शकत नाहीत, असे मानण्याचे कारण नाही. हैदराबादच्या ‘ग्रीन गोल्ड ॲनिमेशन’ने २००८ मध्ये ‘छोटा भीम’ हे पात्र दूरचित्रवाणीवर आणले आणि पुढे चित्रपट व विविध वस्तूंच्या रूपाने त्याचा विस्तार केला. ‘बाहुबली’ या तेलुगू चित्रपटाचे दोन भाग २०१५ आणि २०१७ मध्ये आले. त्याच्याच विश्वावर कादंबरी, ॲनिमेशन मालिका आणि भ्रमणध्वनीवरील खेळही २०१७ मध्ये आले. युद्धकथेचे फ्रँचायझीत रूपांतर करण्याचा हा भारतातील सर्वांत सुसूत्र प्रयत्नांपैकी एक होय. चित्रपटाच्या यशाच्या मानाने खेळाला दीर्घ आयुष्य लाभले नाही. चित्रपट तीन तासांत संपतो, तर खेळाला वर्षानुवर्षे नवी भर घालत राहावे लागते. त्यासाठीचे भांडवल आणि कौशल्य वेगळे असते, हा त्यातील धडा आहे.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय पुराणकथा आणि वास्तुशैली यांच्या आधारे असुरांशी लढणाऱ्या मुलीची ही कथा आहे. २०१७ मध्ये या चमूने लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा केलेला प्रयत्न सफल झाला नव्हता. पुढे तयार झालेल्या खेळाला आंतरराष्ट्रीय पुरस्काराचे नामांकन मिळाले. गुणवत्ता होती, विषय होता. अडचण होती ती धोका पत्करणाऱ्या भांडवलाची. बँक जमीन किंवा यंत्रसामग्री तारण घेऊन कर्ज देते. अद्याप न घडलेल्या पात्राचे तारणमूल्य ठरविण्याची तिला सवय नाही.

खेळणाऱ्याच्या बाजूने

या उद्योगाची वाढ हे निरपवाद हित मानणे मात्र चूक ठरेल. खेळाचे उत्पन्न खेळाडूला गुंतवून ठेवण्यावर अवलंबून असल्याने त्याची रचनाही तशीच केली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केलेले रोगांचे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून अमलात आले. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी प्रत्येकी एकच तास खेळण्याची मुभा ठेवली. आत काय निघेल हे न सांगता विकल्या जाणाऱ्या ‘लूट बॉक्स’ना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगाराच्या कक्षेत आणले.

भारतात संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन अधिनियमाने पैशाच्या खेळांना मनाई केली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ यांना त्यांपासून वेगळे मानले. युद्धखेळांना हा भेद उपकारक आहे, कारण त्यांत जिंकून रोख रक्कम मिळविण्याचा व्यवहार सामान्यतः नसतो. परंतु पैसे लावले जात नाहीत म्हणून पैसे जात नाहीत असे नव्हे. वडिलांच्या फोनवरून नकळत घेतलेल्या पोशाखांचे देयक महिनाअखेरीस कळते, तेव्हा मध्यमवर्गीय कुटुंबाला बसणारा धक्का खरा असतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरते. याच संमतीला खर्चमर्यादेची जोड देणे तंत्रदृष्ट्या अवघड नाही. शिवाय युद्ध हे खेळात रक्तहीन आणि पुनःपुन्हा सुरू करता येण्याजोगे असते; प्रत्यक्षातील युद्ध तसे नसते, हे मुलांना सांगण्याचे काम कोणत्याही कायद्याला करता येणार नाही. ते घराला आणि शाळेलाच करावे लागेल.

धोरणाची दिशा

केंद्र शासनाने या क्षेत्राची दखल घेतली आहे. २०२२–२३ च्या अर्थसंकल्पात ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग आणि चित्रकथा यांसाठी कृतिदलाची घोषणा झाली आणि त्याचा अहवाल त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आला. डिसेंबर २०२२ मध्येच ई-स्पोर्ट्स हा विषय क्रीडा विभागाकडे सोपविण्यात आला. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रास मान्यता दिली आणि मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था आकारास आली. राज्यांपैकी कर्नाटकाने २०१२ मध्येच या क्षेत्राचे धोरण आखले होते. महाराष्ट्राने २०२५ मध्ये आपले धोरण मंजूर केले.

प्रशिक्षणाची ही पायाभरणी आवश्यकच आहे. परंतु ती पुरेशी नाही. केवळ कुशल मनुष्यबळ वाढविल्यास परदेशी विश्वांसाठी अधिक स्वस्त हात उपलब्ध होतील, एवढाच त्याचा परिणाम होण्याचा धोका आहे. म्हणून तीन गोष्टींवर भर देणे अगत्याचे वाटते. पहिली, लहान स्टुडिओंना नमुना-खेळ तयार करण्यासाठी अनुदान किंवा भागभांडवल द्यावे आणि त्याची अट ‘मालकी निर्मात्याकडेच राहील’ अशी असावी. दुसरी, अभ्यासक्रमात चित्रकला आणि संगणक-आज्ञावली यांच्या बरोबरीने करारवाचन, प्रताधिकार आणि व्यापारचिन्ह यांचे शिक्षण अनिवार्य करावे. तिसरी, शासनाने सर्व काही स्वतः निवडण्याचा मोह टाळावा. जपानने २०१३ मध्ये स्थापन केलेल्या ‘कूल जपान’ निधीला मोठा तोटा सोसावा लागला. याउलट दक्षिण कोरियाने २००९ मध्ये विखुरलेल्या संस्था एकत्र करून एकच आशय-निर्मिती संस्था उभारली आणि ती निर्मात्यांना निर्मितीसाहाय्य, प्रशिक्षण आणि परदेशी बाजारपेठेची ओळख मिळवून देते. यशस्वी कथा कोणती हे खेळाडू ठरवितो. शासनाने अनेक कथांना त्याच्यापर्यंत पोहोचू द्यावे, हेच योग्य.

चतुरंग भारताने जगाला दिला तेव्हा मालकीचा प्रश्नच नव्हता आणि त्याबद्दल खंत करण्याचेही कारण नाही. परंतु आज ज्या पटावर हा खेळ मांडला गेला आहे, त्याचे नियम वेगळे आहेत. या पटावर केवळ प्यादी पुरविणारा देश राहावयाचे, की स्वतःचा पट मांडावयाचा, याचा निर्णय आज शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या चित्रकारांच्या, लेखकांच्या आणि अभियंत्यांच्या हाती आहे. त्यांनी पहिल्या करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी तो नीट वाचला, तरी या दिशेने एक चाल पुढे पडली असे म्हणता येईल.